आजोबा दोनदा येतात

मी एक क्लास बोलतोय. शिकवणीचा नव्हे. सलाईनच्या पंपात जो प्रोग्राम असतो, त्यातला. पंपाने कसं वागायचं ते माझ्यात लिहिलेलं आहे. मशीनचं बटण दाबलं की माझा जन्म होतो, बंद केलं की मी संपतो. या रोजच्या जन्माची मला आता किळस आलीय.

मला आईबाप दोन्ही आहेत, तेही माझ्यासारखे क्लासच. आईचं नाव घंटा. बाटली संपली की कोकलायचं, हे मला तिच्याकडून मिळालं. बाबांचं नाव पंप. तासाला किती औषध सोडायचं, ते त्यांच्याकडून. दोघांचे वडील एकच, यंत्र आजोबा. नाकं मुरडू नका, आमच्यात चालतं. नाक मुरडायला पुढे बरंच आहे.

जन्माच्या वेळी प्रत्येक वडीलधाऱ्याने आपलं एक काम उरकायचं असतं. त्याला कन्स्ट्रक्टर म्हणतात. आजोबांचं काम साफसफाईचं: जुने आकडे पुसायचे, आवाज बंद करायचे. ते एकदाच, सगळ्यांच्या आधी व्हायला हवं.

मला लिहिणाऱ्या साहेबांनी घाईघाईत आईबाबांना वेगवेगळी हाक मारली. आई आली ती आजोबांना घेऊन. त्यांनी पुसलं, तिने घंटा चालू केली. मग बाबा आले, तेही आजोबांना घेऊन. म्हाताऱ्याने पुन्हा सगळं पुसलं, घंटेसकट. बाबांनी आपला आकडा लावला. आईला परत कोण बोलावतो? मी जन्मतो तोच मुका.

एकदा वॉर्डात बाटली संपली आणि मी गप्प. खाटेवरच्या आजींच्या नळीत रक्त उलटं चढलं. सिस्टर धावत आली, नळी बंद केली. "अगं बाई, हा वाजला कसा नाही?" ती पुटपुटली. मला माझीच शिसारी आली.

तक्रार ऑफिसात गेली. तिथल्या नव्या मुलीने चूक लगेच पकडली आणि साहेबांना गाठलं.

"सर, दोघांना वेगवेगळं नको बोलवायला. एकच हाक मारू. आई बाबांना बोलावेल, बाबा आजोबांना. आजोबा एकदाच येतील, आधी पुसून जातील."

"म्हणजे घंटा आणि पंप, दोन्हींत हात घालायचा? सगळं पुन्हा तपासत बसावं लागेल. बाकी चालतंय ना?"

"आवाज येत नाही, सर."

"मग तसं लिहून चिकटवा."

झालं. माझ्या अंगावर कागद चिकटला: 'मशीन सुरू केल्यावर घंटा हाताने चालू करावी.' ऑफिसातली घाण अशी वॉर्डात लोटली. एका सिस्टरकडे अख्खा वॉर्ड, तिने कुठे कुठे बघायचं? वर साहेब मीटिंगमध्ये म्हणाले, "प्रश्न सुटला." तेव्हा मला थुंकता येत नाही याचं फार वाईट वाटलं.

मला नवं काही नको. फक्त आजोबांना एकदाच बोलवा.

परवा साहेबांच्या आईला त्याच वॉर्डात दाखल केलं. सिस्टरने मला खाटेशी आणलं. साहेबांनी मला ओळखलं. कागदाकडे बघितलं, आणि हळूच म्हणाले, "सिस्टर, हे नको. दुसरं एखादं लावा ना."

सिस्टरने मला शेजारच्या खाटेकडे ढकललं. तिथल्या बाईंनी बाही वर केली आणि हात पुढे केला.