सहा महिन्यांची शिक्षा आणि मी, शेवटचा बाक

मी शेवटचा बाक बोलतोय. खापर गावच्या बाजारातून जीपने तासभर डोंगरात वर आलात की निळ्या खिडक्यांचं, पत्र्याचं एक छोटं चर्च लागतं. त्यात अकरा बाक पुढे आणि बारावा मी, दाराला पाठ लावून. म्हणजे परवापरवापर्यंत होतो. आता कुठे आहे ते येईलच पुढे. आधी माझं नीट ऐकून घ्या, कारण साठ वर्षं मी नुसतं दुसऱ्यांचंच ऐकत आलोय.

मला घडवलं तळोद्याच्या सुपडू मिस्त्रीने. अकरा बाक झकास उतरले आणि माझ्याच वेळेला त्याचं माप चुकलं. त्याने मला जमिनीवर उभं केलं, मी डुगडुगलो. त्याने डोकं खाजवलं आणि म्हणाला, "एक पाय आखूड व्हई गया. चाली जाई. मांगे ठेई द्या." झालं! चूक मिस्त्रीची आणि मागे जाणार मी. तेव्हा मला वाटलं, असला अन्याय जगात माझ्या एकट्याच्याच वाट्याला आला असणार. नवीन होतो हो, मला काय ठाऊक?

पहिली दोन वर्षं माझ्यावर कोणी बसत नव्हतं. उशिरा येणारे बसायचे आणि खोकणारे. मग वाहरू आला.

वाहरू म्हणजे नुकताच बाप्तिस्मा घेतलेला, नाकासमोर चालणारा गडी. पण त्या वर्षी होळीला पलीकडच्या पाड्यावर ढोल वाजला. तुम्ही आमच्या सातपुड्याचा होळीचा ढोल ऐकला नसेल तर तुम्हाला सांगून उपयोग नाही. वाहरू म्हणे नुसता बघायला गेला होता. गेला खरा, पण उजाडलं तेव्हा त्याच्या अंगावर पांढरे ठिपके होते, डोक्याला मोरपिसांचा टोप होता आणि कमरेला घुंगरू. त्यावेळचे पाळकसाहेब फार कडक. त्यांनी त्याला भर मंडळीसमोर उभं केलं आणि म्हणाले, "वाहरू, सहा महिने शेवटच्या बाकावर. सहा महिने प्रभुभोजन नाही. मुदत संपली की मी स्वतः तुला हात धरून पुढे बोलावीन."

सहा महिने. मी माझ्या कानांनी ऐकलं. आता बाकाला कान कुठे, असं विचारू नका. साठ वर्षं उपदेश ऐकले की फुटतात.

वाहरू मान खाली घालून माझ्यावर येऊन बसला. मांडीवर चार वर्षांचा दलसिंग. त्या पोराने काय केलं होतं? काही नाही. पण आईचं दुसरं बाळंतपण झालेलं, पोराला ठेवणार कुठे? पुढे चर्चमध्ये बायका डावीकडे बसतात, पुरुष उजवीकडे. वाहरूची बायको बाळंतपणातून उठली तशी तीही माझ्यावरच येऊन बसली. शिक्षेत बाई-बाप्या असला भेद नसतो, तेवढं एक बरं आहे.

आणि मग काय झालं असेल? चौथ्याच महिन्यात पाळकसाहेबांची बदली झाली! भर पावसात, घाईघाईने गेले. नवे साहेब आले, त्यांनी विचारलं, "हे मागे का बसतात?" पंचांचे प्रमुख होते आताच्या पंच फत्तेसिंगचे वडील. ते म्हणाले, "शिक्षा आहे, साहेब." "किती दिवस?" सहा महिने त्यांनीही ऐकले होते, तरी म्हणतात, "ते मागच्या साहेबांना माहीत." साहेबांना वाटलं, पंच योग्य वेळी बोलावतील. पंचांना वाटलं, बोलावणं हे साहेबांचं काम, आपण मध्ये कशाला तोंड घालायचं. आणि वाहरूला वाटलं, बोलावल्याशिवाय पुढे जाणं म्हणजे उद्धटपणा. सगळेच नम्र! एवढी नम्रता एका छपराखाली मी पुन्हा पाहिली नाही. त्या नम्रतेत सहा महिने सरले, सहा वर्षं सरली, आणि एक दिवस वाहरूही सरला. मला ओरडून सांगावंसं वाटायचं, अरे, संपली रे शिक्षा, कधीच संपली! पण मला जमतं ते एवढंच, डुगडुगणं.

बाप गेल्यावर दलसिंग बापाच्या जागी बसू लागला. त्याला बसवलं कोणी नाही आणि उठवलंही नाही. त्याचं लग्न झालं, बायको माझ्यावर आली. पोरगी झाली आशा, तीही माझ्यावरच रांगली. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजनाचं, म्हणजे प्रभूच्या शेवटच्या जेवणाच्या आठवणीचं, ताट रांगेरांगेने मागे यायचं. भाकरीचे तुकडे असलेलं ते ताट अकराव्या बाकापर्यंत यायचं आणि तिथून वळायचं. आधी ते फत्तेसिंगचे वडील धरायचे, मग फत्तेसिंग धरू लागला. बापाची पावलं जिथे वळायची तिथेच पोराचीही वळायची.

लोकांनी कारण मात्र शोधून काढलं. कारणाशिवाय माणसाला चैन पडत नाही. "त्या घराण्याच्या रक्तातच नाच आहे," असं म्हणू लागले. म्हणणाऱ्यांची स्वतःची नातवंडं होळीला मोबाईलवर नाचाचे व्हिडिओ टाकतात, पण ते वेगळं. ती संस्कृती!

आता यंदाचं ऐका. दलसिंग साठीला आला आणि त्याच्या हृदयाची झडप बिघडली. सुरतेला ऑपरेशन ठरलं, महिन्याच्या पहिल्या मंगळवारी. त्याच्या आदल्या महिन्यातल्या एका रविवारी सगळे गेल्यावर बापलेक माझ्यावरच बसून होते. हे लोक घरात भिली बोलतात, बाजारात अहिराणी आणि देवासमोर मराठी. मी त्यांची भिली तुम्हाला मराठीत सांगतो.

"ऑपरेशनला मी भीत नाही गं," दलसिंग म्हणाला. "पण टेबलावरच गेलो तर? जायच्या आधी एकदा ते ताट माझ्यापर्यंत यावं, एवढंच वाटतं."

"मग पुढे जाऊन बस ना, आबा! कोण तुझा हात धरणार आहे?"

"बोलावल्याशिवाय कसा जाऊ? माझा बाप गेला नाही. मी गेलो तर बापापेक्षा शहाणा ठरेन."

आशा भडकली. ती सरकारी उपकेंद्रात नर्स आहे, डोंगर तुडवून पाड्यापाड्यावर पोरांचं रक्त तपासते. भडकली की तिचा आवाज पत्र्याला लागतो. "तू काही केलं नाहीस, आबा!"

"कोणी काही केलेलं नसतं, पोरी. तरी बसावं लागतं," तो म्हणाला. मला इतकं वाईट वाटलं म्हणून सांगू! कारण तो हे समजुतीने म्हणाला, जरासा अभिमानानेसुद्धा.

पुढच्या रविवारी उपदेश नेमका आदामाचा. पाळक आता आमशासाहेब आहेत, नवापूरकडचे, तरुण, मनाने चांगले. त्यांनी सांगितलं की आदाम-हव्वेने मना केलेलं फळ खाल्लं आणि त्यांचं पाप सगळ्या मनुष्यजातीत उतरलं. हा उपदेश मी वर्षातून दोनदा तरी ऐकतो. पुढचे अकरा बाक माना डोलावतात. त्यांना पटकन पटतं, पुराव्याला फक्त मान वळवून मागे बघायचं असतं.

तेवढ्यात आशा उठून उभी राहिली. मी डुगडुगलो. "साहेब, एक विचारू? फळ आदामाने खाल्लं. मग शिक्षा मला का? हा न्याय कुठला?"

अकरा बाक गर्रकन वळले. फत्तेसिंग म्हणाला, "ए पोरी, खाली बस." पण साहेब म्हणाले, "विचारू द्या, काका. आशाताई, तिला शिक्षा म्हणू नका. तो आजार आहे असं समजा. आईबापांकडून पोरात उतरतो. पोराचा दोष नसतो, पण आजार खरा असतो."

"हे मला चांगलं समजतं," आशा म्हणाली. "आपल्याकडे सिकलसेल आहे. तोही आईबापांकडून येतो, पोराचा काय दोष? पण साहेब, आम्ही त्या पोराला गोळ्या देतो, रक्त देतो. त्याला रागवत नाही. तुझ्या आजोबामुळे झालं म्हणून त्याला दवाखान्याच्या दाराशी बसवून ठेवत नाही."

"म्हणूनच तर तारणारा आला, ताई," साहेब हळू म्हणाले. "औषध सगळ्यांसाठी आहे."

"मग औषधाचं ताट शेवटच्या बाकापर्यंत का येत नाही?"

आता बोला! या चर्चमध्ये साहेब वर्षभर होते, पण ताट कुठे वळतं हे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं, कारण त्यावेळी त्यांचे डोळे प्रार्थनेत मिटलेले असायचे. दलसिंग पोरीचा पदर ओढत होता. साहेब म्हणाले, "मला आठवडाभर वेळ द्या. जुनी कागदपत्रं बघतो."

आणि त्यांनी खरंच बघितली! महिन्याच्या पहिल्या रविवारी, ऑपरेशनच्या दोन दिवस आधी, ते पत्र्याच्या पेटीतली वाळवी लागलेली वही घेऊन उभे राहिले. "वाहरू. होळीत नाचला. शेवटचा बाक. मुदत सहा महिने," त्यांनी वाचलं. मग चष्मा काढला. "मंडळी, ही शिक्षा छप्पन्न वर्षांपूर्वी संपलेली आहे."

मला तर वाटलं, आनंदाने माझा आखूड पाय जमिनीला टेकतोय की काय!

"म्हणजे चूक झाली," फत्तेसिंग घसा खाकरून म्हणाला. "हरकत नाही. यापुढे दलसिंगने पुढे बसावं."

"हरकत नाही?" आशा म्हणाली. "काका, छप्पन्न वर्षं! माझी आजी त्या ताटाकडे बघत बघत गेली. कोणीतरी माफी मागाल की नाही?"

फत्तेसिंग लालबुंद झाला. त्याला खरोखरच अपमान वाटला. "मी का माफी मागू? बोलवायचं काम माझ्या बापाचं होतं, त्याने केलं नाही. बापाच्या चुकीचं माझ्या माथी कशाला मारता? मी तर तेव्हा शेंबडा पोर होतो!"

तो बोलला आणि त्याचं त्यालाच ऐकू आलं. सगळ्या चर्चला ऐकू आलं. आणि माझ्यावर बसलेला दलसिंग हसायला लागला. छप्पन्न वर्षांत त्याचं हसणं मी या छपराखाली पहिल्यांदाच ऐकलं.

"फत्तेसिंगभाऊ," तो म्हणाला, "मीपण शेंबडाच होतो. इथेच होतो, बापाच्या मांडीवर."

फत्तेसिंग खाली बसला. साहेबांनी ताट त्याच्याच हातात दिलं आणि म्हणाले, "काका, आज शेवटपर्यंत." तो रांगेरांगेने मागे आला. अकराव्या बाकापाशी त्याची पावलं सवयीने वळली, थांबली, आणि मग तो दोन पावलं पुढे आला. अंतर फक्त दोन पावलांचं होतं, हे मला माहीत होतं, त्याला नव्हतं.

दलसिंगने तुकडा उचलला, तळहातावर ठेवला आणि पोरीला विचारलं, "एवढासाच असतो होय?" मग तोंडात घातला आणि ढसाढसा रडला. मीही रडलो असतो, पण लाकूड पडलो.

उपासनेनंतर पंचांची बैठक बसली. चूक झाली यावर सगळ्यांचं एकमत, पण कोणाची, यावर नाही. जुने साहेब देवाघरी, जुने पंच देवाघरी, हयात असलेले सगळे तेव्हाचे शेंबडे. मग कोणीतरी म्हणालं, "हे बाकडंच बरोबर नाही. पहिल्यापासून डुगडुगतंय. याच्यावर बसलेल्याचं कधी भलं झालंय का?" सगळ्यांचे चेहरे उजळले! साहेबांनी काही बोलायला तोंड उघडलं, पण तोवर हात वर झाले होते. दोघांनी मला उचललं आणि जीप थांबते तिथे, चिंचेखाली नेऊन टाकलं.

एका निर्दोषाने सगळ्यांचा अपराध डोक्यावर घेऊन वेशीबाहेर जायचं, हे मी साठ वर्षं आत ऐकत आलो होतो. माझी पायरी मी ओळखतो, मला नुसतं चिंचेखाली ठेवलंय, खिळे तर सुपडूने आधीच मारले होते. तरी उचलताना मनात आलं, की यांनी उपदेश अगदीच कानाआड केला नव्हता म्हणायचं!

सोमवारी सकाळी दलसिंग सुरतेला निघाला. जीपची वाट बघत माझ्यावर येऊन बसला, आशा रस्त्याकडे बघत उभी. तेवढ्यात फत्तेसिंग आला, हातात कपड्यांची पिशवी. माझ्यासमोर येऊन घुटमळला. मी चर्चमध्ये असताना तो माझ्यावर कधी बसला नव्हता.

"सरक जरा," तो म्हणाला.

दलसिंग सरकला. दोघं म्हातारे शेजारी शेजारी बसले आणि मी एकदा इकडे, एकदा तिकडे झुकलो.

"मला पण सुरतेला काम आहे," फत्तेसिंग म्हणाला. "चार दिवस तरी लागतील."

त्याचं सुरतेला काडीचं काम नाही. अख्ख्या गावाला माहीत आहे, दलसिंगलाही. पण दलसिंग म्हणाला, "बरं झालं, सोबत होईल." माफी काही फत्तेसिंगच्या तोंडून निघाली नाही. जीप आली, फत्तेसिंगने दलसिंगची पिशवी स्वतःच्या खांद्याला लावली आणि त्याला हात धरून पुढच्या सीटवर बसवलं.

मी आता इथेच असतो. जीपवाले बसतात, बाजारकरी बसतात, शेळी चढते. कोणाच्या बापाने काय केलं ते कोणी विचारत नाही. मजेत आहे. फक्त एक गोष्ट आतल्यांच्या अजून ध्यानात आलेली नाही, म्हणून तुम्हाला सांगतो. मला बाहेर काढलं, पण त्यामुळे चर्चमधला शेवटचा बाक काही नाहीसा झाला नाही. आता अकरावा शेवटचा झालाय. कधी वर आलात तर त्याच्यावर कोण बसलंय तेवढं बघून या.