अनुभवाचा रकाना

लाखनीच्या एका खासगी दवाखान्यात दोन नर्स पाहिजेत, असा कागद भंडाऱ्यातल्या वसतिगृहाच्या फळ्यावर लागला, तेव्हा प्रतिक्षाच्या नर्सिंगच्या शेवटच्या परीक्षेला अजून दोन महिने होते. तरी तिनं अर्ज मागवून घेतला. निकाल लागेपर्यंत जागा कोण राखून ठेवणार?

नाव, गाव अड्याळ, जन्मतारीख, शिक्षण सगळं भरभर लिहून झालं आणि 'अनुभव' या रकान्यापाशी तिचा हात थांबला.

"लिवून टाक ना, नाही म्हणून," खोलीतली मैत्रीण टीना केस विंचरता विंचरता म्हणाली.

"तीन वर्षं वार्डात राबून राहिलो आपण. नाही काहून लिवू?"

बराच वेळ विचार करून तिनं एकच ओळ लिहिली. 'प्रशिक्षणात असताना लिहिता-वाचता न येणाऱ्या एका आजींना स्वतःचं इन्सुलिन स्वतः घ्यायला शिकवलं.' टीनानं ती वाचली आणि खो खो हसत सुटली. "बाई गं! हे का अर्जात लिवतेत?" प्रतिक्षालाही मग खाडाखोड करावीशी वाटली, पण दुसरा कोरा अर्ज नव्हता. तोच गेला.

आठ दिवसांनी बोलावणं आलं. शनिवारी भंडाऱ्याहून एसटीनं ती लाखनीला उतरली, हायवे ओलांडला आणि दवाखान्यात मेट्रनबाईंसमोर जाऊन बसली. सरिता मॅडम पन्नाशीच्या, चष्मा कपाळावर चढवलेला, आवाज खणखणीत.

"परीक्षाच व्हायची आहे तुझी?"

"हो मॅडम."

"आणि नोकरी मागायला आलीस?"

मॅडमनी चष्मा खाली ओढला, अर्ज वाचला आणि बोट त्या ओळीवर ठेवलं. "आजींना आकडे येत नव्हते, मग कसं शिकवलं?"

घोकून आणलेली शुद्ध वाक्यं प्रतिक्षाच्या डोक्यातून कुठल्या कुठे गेली. ती घरच्यासारखी बोलायला लागली. "मॅडम, बायजाबाईले वाचता येत नव्हतं, पण मोजता येत होतं. जन्मभर धानाच्या पेंढ्या मोजल्या त्याईनं. इन्सुलिनच्या पेनाची मागची चकती फिरवली का एकेका युनिटले टिक टिक वाजते. त्याईले दहा युनिट घ्यायचे होते. मी म्हटलं, आजी, दहा टिक मोजा."

"आणि चकती आधीच कोणी फिरवून ठेवलेली असली तर?"

प्रतिक्षानं मान खाली घातली. "तेच माझं चुकलं होतं. वार्डातल्या सिस्टरच्या ध्यानात आलं. मंग मी आजीले शिकवलं का पहिले चकती उलटी फिरवायची, अटकेपर्यंत. मंगच मोजायचं. पाच खेपा करून घेतलं त्याईच्याकडून, मंगच घरी जाऊ दिलं."

मॅडमनी खण उघडला, सरावासाठी ठेवलेला रिकामा पेन काढला आणि टेबलावर ठेवला. "समज, मी तुझी आजी. शिकव."

प्रतिक्षा खुर्ची ओढून शेजारी बसली. मॅडमनी मुद्दामच पेन उलटा धरला, मोजताना सहावर जाऊन चुकल्या, आणि शेवटी पेन टाकून म्हणाल्या, "मले नाही जमत, पोरी!"

"जमते ना आजी. काही घाई नाही आपल्याले," प्रतिक्षानं त्यांचा हात हातात घेतला. "चला, उलटं फिरवा. अटकलं? आता एक…"

दहा टिक झाल्यावर तिच्या ध्यानात आलं, की आपण मेट्रनबाईंना आजी म्हणालो. ती गोरीमोरी होऊन उठली. सरिता मॅडम मात्र खुदकन हसल्या.

"हे बघ, नोंदणी झाल्याशिवाय तुला इथं सुई धरू देणार नाही. पण पास झालीस आणि नर्सिंग कौन्सिलची नोंदणी झाली, की पुढच्या महिन्याच्या पहिल्या तारखेला ये. दुसरी जागा मी आज भरते, ही तुझ्यासाठी ठेवते. पत्र घेऊन जा."

पत्र घेऊन ती वसतिगृहात गेलीच नाही, थेट अड्याळला घरी गेली. तिची आई मालनबाई अंगणात सुपानं तांदूळ पाखडत होती. वडील, भोजराज, ओट्यावर बसून सायकलची चेन बसवत होते. काळे हात लागू नयेत म्हणून त्यांनी पत्र लेकीलाच धरायला लावलं आणि मोठ्यानं वाचलं.

"म्हणजे लागली का नाही लागली?" मालनबाईनं विचारलं.

"लागली वं आई. पण पास झाल्यावर."

मालनबाईनं तिच्या हाताकडे पाहिलं. लेक बोलता बोलता शेजारी बसून तांदळातले खडे वेचायला लागली होती. आईनं सूप आपल्याकडे ओढून घेतलं.

"मंग इथं का करून राहिली? जाय, पुस्तक काढ. चहा आणून देतो मी."

प्रतिक्षा हसत उठली आणि हात झटकून घरात गेली.