मंगळवारची फाईल

समाजसेवा कार्यालयाचा नियमच अजब. माणूस पडला, हाड मोडलं, की आठवड्यातून एकदा मदतनीस त्याच्या घरी जाणार. आणि तो बरा झाला रे झाला, की फाईल बंद, येणं-जाणं बंद. बंद फाईलच्या घरी पुन्हा पाऊल टाकायचं नाही. म्हणजे बरं होण्याची शिक्षाच म्हणा ना!

मदतनीस बाई दर मंगळवारी अकरा वाजता घड्याळजी काकांकडे जायच्या. काका एकटे, खुबा मोडलेला, वॉकर धरून चालणारे. बाई डबीत आठवड्याच्या गोळ्या भरायच्या, काकांना दारापासून खिडकीपर्यंत चालवायच्या आणि फॉर्मवर लिहायच्या : आधाराशिवाय चालता येत नाही.

एका मंगळवारी बस लवकर आली. बघतात तर काय, काका कोपऱ्यावरच्या दुकानातून दूध घेऊन तरातरा चाललेले! वॉकर नाही, काठी नाही. बाई झाडाआड थांबल्या. दहा मिनिटांनी बेल वाजवली, तर काका वॉकरवर वाकून म्हणतात, "आई गं! आज फारच ठणकतंय बघ, पोरी. जेवलीस का?"

लबाड म्हातारा! पण बाईंनी फॉर्म काढला. निमूट तेच वाक्य लिहिलं. अकरा वर्षांच्या नोकरीतलं हे पहिलं खोटं. का लिहिलं, ते त्यांना चांगलं ठाऊक होतं. अख्ख्या आठवड्यात "जेवलीस का?" विचारणारा हा एकच माणूस होता. घरी गेलं की कुलूप काढायचं आणि दिवा लावायचा, एवढंच.

असे सात मंगळवार निभले. आठव्याला ऑफिसातल्या मॅडम तपासणीला काकांच्या घरीच आल्या. फॉर्म चाळत म्हणाल्या, "चार महिन्यांत काहीच सुधारणा नाही? समोरच्या इमारतीतल्या आजी अंथरुणाला खिळल्यात, त्यांच्यासाठी माझ्याकडे माणूस नाही. यांना खरंच चालता येत नाही ना? खोटं निघालं तर नोकरी जाईल हं तुमची."

बाई काही बोलणार, तेवढ्यात काका खुर्चीतून उठले. वॉकर बाजूला सारला आणि खिडकीपर्यंत ताठ चालून दाखवलं.

"अरेच्चा! आजच जमलं की," ते म्हणाले. "पोरीच्या मेहनतीला फळ आलं."

मॅडम खूश. काकांनी सही केली, फाईल बंद. निघताना बाईंना दारात गाठून काका हळूच म्हणाले, "कुणी विचारलं नाही तरी वेळेवर जेवत जा."

पुढच्या मंगळवारी बाई समोरच्या इमारतीत आजींना भरवत होत्या. आजींची वाचा गेलेली, त्यामुळे खोलीत चमच्याचाच काय तो आवाज. अकरा वाजले तशी बाईंची नजर खिडकीबाहेर गेली. पलीकडच्या घरात काका पाठमोरे दिसले. वॉकरवर वाकून, दाराकडे तोंड करून उभे होते. बेल वाजायची वाट बघत असावेत.

बाईंना रडूच कोसळलं. मग त्यांनी डोळे पुसले आणि आजींना पुढचा घास भरवला.