घागर न फुंकता

नवरात्रातल्या अष्टमीला नोएडात हेमलतावहिनींच्या फ्लॅटवर तांदळाच्या उकडीच्या मुखवट्याची महालक्ष्मी उभी राहते, आणि सेक्टरातल्या आम्ही मराठी बायका उदाच्या धुरात तिच्यासमोर घागरी फुंकतो. फुंकता फुंकता एखादीच्या अंगात येतं. मग बाकीच्या तिला प्रश्न विचारतात. कोणाच्या अंगात खरंच येतं आणि कोणाच्या फक्त सासूबाई समोर असल्या की येतं, याची नोंद माझ्याकडे चोख असते.

चंद्रप्रभा यंदा कोपऱ्यात बसली होती. स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन होऊन दोन वर्षं झालेली. तो परतू नये म्हणून रोज हार्मोनची एक गोळी, पाच वर्षं. गोळीने सांधे धरायचे आणि अंगातून एकाएकी आगीचे लोट उठायचे.

"यंदा बरी दिसतेस," मी म्हटलं.

"हो, महिनाभर लोट नाही आला," ती म्हणाली आणि नजर चुकवली. तेही मी टिपून ठेवलं.

फुंकून दमल्यावर सगळ्यांनी घागरी खाली ठेवल्या. घुमणं मात्र थांबलं नाही.

चंद्रप्रभा उभी होती. गळ्यापासून कपाळापर्यंत लालभडक, घामाने निथळलेली, ओठ घट्ट मिटलेले. आवाज तिच्यातून येत होता.

"आली! बिल्कुल आली!" हेमलतावहिनी पुढे सरसावल्या. "आई, आमच्या विक्रांतचं लग्न कधी?"

"हिने गोळी सोडली," चंद्रप्रभा म्हणाली. आवाज तिचाच, पण बोलणं परक्या बाईबद्दल असावं तसं. "घरी सांगा."

"औषध सोडलं ते बरंच केलं, असा कौल आहे हा!" वहिनींनी हात जोडले.

तिला न्यायला आलेले तिचे यजमान पद्माकर दारात एक चप्पल काढून तसेच उभे होते.

लिफ्टमध्ये आम्ही तिघंच. "मी काय बोलले?" तिने विचारलं. तिला खरंच आठवत नव्हतं; खोटं मला कळतं.

पद्माकरांनी सांगितलं. "गोळी बंद केलीस?"

"गणपतीपासून. मूठ वळत नव्हती हो, कणीक मळता येईना. सोडली आणि लोटही थांबले."

"मग आज काय आलं?"

आमचा मजला आला, दार उघडलं. कोणीच बाहेर पडलं नाही.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी फोनवर हिंदीत चांगलंच झाडलं. सांध्यांवर, लोटांवर उपाय आहेत, गोळी बदलताही येते, पण मनाने बंद करायची नाही. आणि सोडल्यावरही लोट कधीमधी येतात. चंद्रप्रभाने सगळं ऐकलं. बोललं कोण, ते विचारलं नाही. गोळी पुन्हा सुरू झाली.

हेमलतावहिनी नारळ घेऊन आल्या, त्यांना पद्माकरांनी दारातूनच परत पाठवलं. "वहिनी, तो कौल नव्हता. चहाडी होती."

दिवाळीच्या आधी तिचा मला फोन. "आली गं!"

"कोण?"

"आग, यार. नेहमीचीच. नुसता घाम." ती थांबली, कान देऊन ऐकत असावी. "बोलत नाहीये."