म्हशीसाठी बंदूक

बाबामियाँने टेपचं एक टोक म्हाताऱ्याच्या कोपराच्या खळग्यात धरलं आणि दुसरं तर्जनीच्या पेरापर्यंत नेलं. हात काटकोनात दुमडलेला, बोट चापावर असल्यासारखं वाकवलेलं. साडेतेरा इंच.

"शिंप्याकडे आल्यासारखं वाटतं," हमूद अर्बाब म्हणाला.

"शिंप्याचंच काम आहे, अर्बाब. खांद्याला टेकणारा लाकडी दस्ता अंगाला बसला नाही तर बंदूक मालकालाच मारते."

आखातातल्या निझवा गावी, सूकमागच्या म्हणजे बाजारामागच्या त्या अरुंद दुकानात बाकावर दोन बंदुका आडव्या पडल्या होत्या. एक थ्री-सेव्हन्टी-फाइव्ह, दुसरी फोर-फिफ्टी-एट. आकडा मोठा तशी गोळी जाड, आणि तसाच खांद्याला बसणारा धक्काही. अर्बाब, म्हणजे शेठ, सत्तरीचा, अंगाने वाळक्या शेंगेसारखा. पुढच्या महिन्यात तो टांझानियाला शिकारीला निघाला होता. परवान्याच्या कागदावर एकच बंदूक चढवता येणार होती, आणि ती कोणती हे विचारायला तो बाबामियाँकडे आला होता.

सगळे बाबामियाँलाच विचारत. श्रीवर्धनजवळच्या खाडीकाठचा हा सुतार एकतीस वर्षं निझवात बंदुकांचे दस्ते दुरुस्त करत होता. कुठल्या बंदुकीने दस्त्याला कुठे चीर जाते, कुठल्या बंदुकीचे मालक उजवा खांदा चोळत दुकानात शिरतात, हे त्याला तोंडपाठ होतं. त्याने स्वतः मात्र जन्मात एकही गोळी झाडली नव्हती. हे त्याला कधी कुणी विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

"जनावर कुठलं?" त्याने विचारलं.

"जामूस."

बाबामियाँला हसू फुटलं. आवरता आवरेना. जामूस म्हणजे म्हैस, एवढं अरबी त्याला पहिल्याच वर्षी आलं होतं. आणि म्हैस म्हटली की त्याच्यापुढे एकच उभी राहायची, त्याच्या आईची मैना. लहानपणी तिच्या पाठीवर पालथा पडून तो खाडीच्या चिखलातून घरी यायचा. तिच्यासाठी एवढी तोफ!

"मग ही लहान रग्गड झाली, अर्बाब. गरीब जनावर ते. मोठी घेऊन खांदा कशाला मोडून घेता?"

अर्बाब त्याच्याकडे बघत राहिला. मग तोही हसू लागला, आधी ओठांत, मग डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"माझी तिन्ही मुलं म्हणतात, मोठी घ्या. सगळे दोस्त म्हणतात, मोठी घ्या. तू एकटा..." त्याने डोळे पुसले. "खलास. लहान. रविवारी कागद भरतो."

तो गेला आणि दुपार झाली. सूकची दारं एकेक करून मिटली. बाबामियाँ दुकानातच चटईवर कलंडला. अर्धवट झोपेत त्याला दिसलं की, खजुरीच्या बागेतून पाटाच्या पाण्यात मैना उतरते आहे. पाणी घोटाभरच होतं, तरी ती पोहत होती. मग पाणी खारं झालं, बागेपलीकडच्या डोंगरांना भरती लागली आणि आई कुठूनतरी हाका मारू लागली, मैनाला की त्याला ते काही कळेना. जाग आली तेव्हा त्याला फार बरं वाटत होतं.

शुक्रवारी तो वादी अदाईला लेकीकडे जेवायला गेला. अमरीनने ताटात मासे वाढले आणि त्याने रंगवून रंगवून अर्बाबची गोष्ट सांगितली.

"म्हस मारायला बंदूक! मना तर आपली मैनाच आठवली."

अमरीन हसली नाही. "अब्बा, ती आपली म्हस नाय. आफ्रिकेतली वाइल्ड बफेलो ती, डेंजरस असते. थांबा, दाखवते."

तिने मोबाइल त्याच्यापुढे धरला. पडद्यावर काळं, रुंद कपाळाचं जनावर गवतातून आलं, त्याने मान खाली घातली आणि एका सिंहाला शिंगांवर घेऊन गवताच्या पेंढीसारखं उडवलं. अमरीन काहीबाही वाचून दाखवत होती. जखमी झालं की ते पळून जात नाही, वळसा घेऊन मागून येतं, माणसाची वाट बघत उभं राहतं. बाबामियाँचा हात ताटातच राहिला.

पाण्यात म्हैस, बाहेर मोल म्हणतात. इथे तर म्हैस समुद्रापलीकडे, आणि मोल बाबामियाँने करून टाकलेलं, तेही दुसऱ्याच्या जिवावर. त्याच्या एका हसण्यावर सत्तर वर्षांचा माणूस त्या शिंगांपुढे लहान बंदूक घेऊन उभा राहणार होता. त्याला स्वतःची शरम वाटली, आणि तिच्याहून जास्त भीती.

शनिवारी सकाळी तो अर्बाबच्या बागेत पोचला. म्हातारा पाटाच्या कडेला चटई टाकून बसला होता, पाय पाण्यात सोडलेले. बाबामियाँने चपला काढल्या, पण तो बसला नाही. दोघांची नेहमीची भाषा म्हणजे निम्मं अरबी आणि निम्मं हिंदी, आणि आज त्याला दोन्ही पुरेनात.

"अर्बाब, माझी चूक झाली. मोठी घ्या. ते जनावर म्हैस नाही. म्हणजे आहे, पण आमच्याकडची नाही. माणसं मारतं ते."

"ठाऊक आहे," अर्बाब म्हणाला. "माझ्या वडिलांना त्यानेच मारलं. मी नऊ वर्षांचा होतो. तिकडे टांझानियातच राहायचो आम्ही."

बाबामियाँ चटईच्या कडेला बसला. आता झाकायचं काय राहिलं होतं?

"आणखी एक सांगायचंय. मी आजवर एकदाही बंदूक चालवलेली नाही. एकतीस वर्षांत एक गोळी नाही. मी नुसता सुतार आहे, अर्बाब. माझ्या शब्दावर जाऊ नका."

भर बाजारात अंगातला सदरा उतरवल्यासारखं त्याला झालं. अर्बाबने लहानग्या कपात कहवा ओतला आणि त्याच्यापुढे धरला.

"मीही नाही," तो म्हणाला.

पाटातून खजुरीचं एक वाळकं पान वाहत आलं, त्याच्या पायाला अडलं आणि सुटून पुढे गेलं.

"डबे पाडलेत, नेम धरून. जनावरावर कधीच नाही. जिवंत काही समोर आलं की मला ते गवत दिसतं. माणसाहून उंच. वाऱ्याने सगळं एका बाजूला झुकायचं, आणि मध्येच एका जागी झुकायचं नाही. तिथे ते उभं होतं. वडिलांना दिसलं नाही, मला दिसलं होतं. मी बोललो नाही."

बाबामियाँने कहव्याचा एक घोट घेतला. त्याने विचारलं, "मग जाता कशाला?"

"वडील तिथेच आहेत ना. गवताच्या कडेला पुरलंय त्यांना. कबरीवर जातो म्हटलं की मुलं म्हणतात, बाबा, गुडघे बघा, पुढच्या वर्षी जाऊ. सहा वर्षं हे पुढचं वर्षच चाललंय. शिकारीला जातो म्हटल्यावर तिघांनी मिळून तिकीट काढलं." तो हसला. "तिथला शिकारी असतो बरोबर, मोठी बंदूक त्याच्या खांद्यावर. माझ्या खांद्यावर आपली कुठलीतरी असली की झालं."

"आणि मी हसलो ते?"

"त्या जनावराचं नाव ऐकून हसलेला माणूस मी साठ वर्षांत पहिल्यांदा पाहिला. त्या रात्री मला झोप लागली."

बाबामियाँने कहवा संपवला. त्याला रडू येईल असं वाटलं, पण सुतार माणूस, पुढच्या कामाचा विचार आधी आला.

"रस्त्यापासून कबर किती लांब?"

"तासाभराची वाट. दफनाला गेलो तेव्हा मी ती पुरती चाललोच नव्हतो. परत येताना कुणीतरी उचलून आणलं."

दुकानात येऊन त्याने थ्री-सेव्हन्टी-फाइव्हचा दस्ता मापाला कापला. मग दस्त्याच्या टोकाची, खांद्याकडची पट्टी पुन्हा उघडली, गिरमिट घेतलं आणि जे एकतीस वर्षांत कधी केलं नव्हतं ते करू लागला. अक्रोडाचं ते सुंदर, घट्ट लाकूड त्याने आतून पोखरून काढलं. वजन गेलं की बंदूक दुप्पट लाथ मारते. कुणी ही झाडली असती तर बाबामियाँला शिव्याच घातल्या असत्या. तळहातावर तोलून बघत, आणखी थोडं, आणखी थोडं करत त्याने भुशाचा ढीग पाडला, आणि पट्टी बसवून वरून असं पॉलिश केलं की कुणाला शंका येऊ नये.

बंदूक न्यायला अर्बाबबरोबर थोरला मुलगा आला. त्याने ती उचलली आणि भुवया वर केल्या.

"हलकी झाली?"

"जुनं लाकूड आहे," बाबामियाँ म्हणाला. "वाळतं."

अर्बाबने पट्टा खांद्यावर चढवला आणि तो काठी न घेता गल्लीत उतरला. उन्हात कुणी नव्हतं. तो टोकापर्यंत गेला, भिंतीला हात लावून जरा थांबला आणि तसाच सावकाश परत आला. श्वास लागला होता.

"कशी वाटते, बाबा? पडेल जामूस?" मुलाने विचारलं.

"पोचेन," म्हातारा म्हणाला.