सत्काराचा कोट

सभागृहात फक्त आपल्या वंशाच्या माणसानेच पाऊल ठेवायचं, हा नियम मास्तरांनीच मंडळाकडून करून घेतला होता. मास्तर म्हणजे शिंपी. बाजाराच्या मागच्या गल्लीत त्यांचं दुकान होतं. तिथे गिऱ्हाईक कुठल्याही रंगाचं आणि कसल्याही नाकाडोळ्यांचं येवो, मास्तर माप नीट घ्यायचे. पण संध्याकाळी सभागृहात गेले की माणूस बदलायचा. तिथे सगळे एका कातडीचे, एकसारख्या केसांचे, आजोबा-पणजोबांच्या काळी बाहेरून या शहरात आलेल्या घरांतले. मास्तर माईकसमोर मूठ वर करून म्हणायचे, "आपलं रक्त एक." मग अख्खं सभागृह मागून तेच म्हणायचं. खोटं कशाला बोला, ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा यायचा.

दुकानात इस्त्रीला एक माणूस होता. तो दुसऱ्या वंशाचा, आणि ते त्याच्या चेहऱ्यावरूनच लांबून कळायचं. दोघं वर्षानुवर्षं एका टेबलावर डबा खात आलेले. कॉलर नीट बसली नाही की भांडायचे, आणि चहा आला की भांडण विसरायचे. मास्तरांच्या पोरीला लहानपणी खांद्यावर बसवून शाळेत पोचवायचा तोच. तरी सभागृहाच्या पायरीशी तो थांबायचा आणि मास्तर आत जायचे. मास्तरांना यात कधी काही वावगं वाटलं नाही. इस्त्रीवाल्याला काय वाटायचं, ते त्याला कुणी विचारलंच नव्हतं.

पोरगी एकुलती एक. जन्मली तेव्हा मुठीत मावेल एवढी होती, म्हणून मास्तरांनी तिला 'बटण' म्हणायला सुरुवात केली आणि तेच नाव चिकटलं. या बटणाच्या रक्तातच बिघाड निघाला. कुठे धडपड नाही, मार नाही, आणि अंगावर निळे डाग. ताप तर हटायचं नाव घेईना. औषधं झाली, इस्पितळाच्या वाऱ्या झाल्या. शेवटी डॉक्टरीणबाईंनी समोर बसवून सांगितलं की दुसऱ्या कुणाच्या तरी हाडातला मगज तिला द्यावा लागेल, आणि तो जुळणारा हवा. आईचा जुळत नव्हता, बापाचाही नाही. भाऊबहीण नव्हतंच.

"तुमच्या वंशाच्या लोकांत मिळायची शक्यता जरा जास्त," बाई म्हणाल्या. "पण ती शक्यताच. एका वंशातही हजारोंत एखाद्याचं जुळतं."

मास्तरांनी पहिलं वाक्य घट्ट धरलं. दुसरं कानावर पडलं असेल, डोक्यात शिरलं नाही. घरी येऊन बायकोला म्हणाले, रडतेस काय, आपलं एवढं मोठं मंडळ आहे, एका हाकेवर उभं राहील.

हाक मारली. इस्पितळाची माणसं सभागृहात येऊन बसली. करायचं काय होतं, तर गालाच्या आतून कापसाची काडी फिरवून घ्यायची. तेवढ्यालाही लोक बिचकले. मूठ वर करणारे ते हेच का, असा प्रश्न पडावा. कुणाला नेमकं त्याच दिवशी गावाला जायचं होतं, कुणाचा गाल सुजला होता, कुणाला बायकोने नको म्हटलं होतं. तरी थोडेफार आले, नाही म्हणता येणार नाही. इस्त्रीवालाही रांगेत होता. रांग दारातून आत सरकली तसा तो पायरीवरच थांबला. मग नर्सच बाहेर आली आणि तिने पायरीवर त्याची काडी घेतली.

जुळलं ते मंडळाच्या खजिनदाराच्या पुतण्याचं. ताडमाड वाढलेला, म्हणून त्याला सगळे उंच्या म्हणायचे. इस्पितळ कुणाचं नाव सांगत नाही, पण उंच्याने स्वतःच गावभर सांगितलं. मंडळाला कोण आनंद झाला. लगेच सत्कार ठरला. या मंडळात सत्कार आधी आणि काम मागून, अशीच रीत. वाचनालयाला जागा देणाऱ्याचा सत्कार होऊन गेलेला, जागा अजून मिळायची आहे. हे मास्तरांना माहीत नव्हतं का? चांगलं माहीत होतं. पण जीव टांगणीला लागलेल्या माणसाला असल्या गोष्टी आठवत नाहीत.

उलट सत्काराचा कोट त्यांनी स्वतः शिवला. मंडळाच्या निळ्या रंगाचा, खिशावर जरीचं काम. माप घेताना त्यांनी उंच्याच्या पाठीवर टेप ठेवला. या हाडांत माझ्या पोरीचा जीव आहे, असं त्यांना वाटलं. त्या पाठीवरून त्यांनी गरज नसताना पुन्हा एकदा टेप फिरवला.

सत्कार थाटात झाला. फोटो निघाले, भाषणं झाली. इस्पितळाने दिवस दिला, त्या दिवशी उंच्याला सर्दी झाली. पुढचा दिवस दिला, तेव्हा त्याच्या मालाची गाडी यायची होती. नंतर तो फोनच उचलेना. अध्यक्षांनी काखा वर केल्या. म्हणाले, ज्याच्या-त्याच्या अंगाचा प्रश्न आहे, मंडळ काय जबरदस्ती करणार. इकडे बटण पलंगावर दिवसेंदिवस लहान होत चाललेली.

शेवटी मास्तर उंच्याच्या घरी गेले. त्याने आदराने बसवलं, पाणी दिलं. कोट खुंटीला लटकत होता. मास्तरांनी हात जोडले. आजवर कुणापुढे न वाकलेला माणूस, पण त्याच्या पायाशी बसायचंच बाकी ठेवलं. दुखणार नाही म्हणाले, डॉक्टरांशी बोल म्हणाले, आपण एका रक्ताचे रे म्हणाले.

उंच्या हळूच म्हणाला, "मास्तर, ते म्हणायचं असतं हो."

त्यात कुचेष्टा नव्हती. मोठ्या माणसाला साधी गोष्ट कशी कळत नाही, याचं त्याला खरोखरच नवल वाटत होतं. मास्तर उठले आणि चपला घालून चालू लागले.

दुकानात इस्त्रीवाला वाटच बघत होता. मास्तरांचा चेहरा बघून तो काय ते समजला. इस्त्री बंद केली, सदरा बदलला आणि म्हणाला, "मी परत काडी देऊन येतो. त्या दिवशी जाताना कडक चहा पिऊन गेलो होतो. त्यानेच बिघडलं असणार."

मास्तरांनी समजावलं की चहाने तसं काही होत नाही. तरी तो गेलाच. इस्पितळातली वेळ संपली होती, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळपासून पाण्याचा थेंबही न घेता परत गेला. नर्सने त्याला ओळखलं आणि त्याचं मन राखायला काडी घेतली. जुळायचं कुठून? ज्याला द्यायचं होतं त्याचं जुळत नव्हतं, आणि ज्याचं जुळत होतं त्याला द्यायचं नव्हतं. या दोघांच्या मधोमध बटण गेली. मास्तर नुकते तिच्यासाठी नवा फ्रॉक बेतून आले होते, जरा सैलच, पुढे वाढेल म्हणून.

मंडळाने शोकसभा ठेवली. सभागृह गच्च भरलं होतं. पहिल्या रांगेत उंच्या बसला होता, तोच निळा कोट घालून. मंडळाच्या कार्यक्रमाला मंडळाचा कोट घालायचा असतो, त्याला बिचाऱ्याला दुसरं सुचलं नसावं. डोळे मात्र त्याचे खरंच ओले होते. कोट खांद्यांवर कसा बसलाय, हे मास्तरांच्या नजरेने सवयीने टिपलं. कुठे सुरकुती नव्हती. त्या क्षणी त्यांना स्वतःच्या हातांची किळस आली.

मग त्यांना दाराबाहेर इस्त्रीवाला दिसला. पायरीखाली उभा, हातात बटणची शाळेची पिशवी. दुकानात राहिली होती, ती घेऊन आलेला. मास्तर उठून दाराशी गेले आणि त्याला आत बोलावलं. दारावरचा माणूस कानाशी लागून म्हणाला, "मास्तर, नियम तुमचाच आहे. आजच्या दिवशी कशाला?"

"राहू दे मास्तर," इस्त्रीवाला म्हणाला. "इथून ऐकू येतं मला."

आतून माईकवर मास्तरांचं नाव पुकारलं. त्यांनी दारावरच्या माणसाकडे पाहिलं, इस्त्रीवाल्याकडे पाहिलं, आणि आत वळले. का वळले, हे ते पुढे कितीदा तरी स्वतःला विचारणार होते. ते माईकसमोर उभे राहिले. उंच्याचं नाव घ्यावं, तो कोट सगळ्यांसमोर उतरवून घ्यावा, बाहेर उभा आहे तो माझा माणूस आहे म्हणून ओरडावं, यातलं एकही वाक्य जिभेवर येईना. तिला एकच वाक्य पाठ होतं.

"आपलं रक्त एक," मास्तर म्हणाले.

सगळं सभागृह मागून तेच म्हणालं, उंच्यासुद्धा. बाहेर पायरीखाली इस्त्रीवाल्याला ते स्वच्छ ऐकू गेलं. त्याने पिशवी पायरीवर ठेवली आणि तो दुकानाकडे निघून गेला.