घरच्यांची सही

"ताई, ही काय फिट केलीत तुम्ही? बसलो की श्वास वर अडकतो, उठलो की बटण खाली पडतं. रखवालदाराला अधूनमधून बसावं लागतं हो!"

शिंपीणबाईने पॅन्ट उलटी करून शिवण पाहिली. मापात चूक नव्हती. चूक रखवालदाराच्या पोटात होती, पण गिऱ्हाइकाला असं सांगायचं नसतं.

"कमरेला अर्धा इंच सोडते. अंगाबरोबर बसेल."

"अंगाबरोबर म्हणजे ढगळी नको. फिट पाहिजे मला. एकदम फिट."

पडद्यामागे तिच्या सासूबाई मुद्दाम खाकरल्या. रखवालदार दचकला. आपण काय वावगं बोललो, हे त्याला कळलं नाही, आणि कळण्यासारखं नव्हतंच.

खरं तर या एका इंग्रजी शब्दावर तिची चूल पेटत होती. बाही फिट, कॉलर फिट, चेन नीट फिट करा. शेजारचे आजोबा रोज फिरून आले की छाती ठोकून सांगायचे, "पंच्याहत्तरीतही फिट!" नळाची तोटी फिट करायला माणूस यायचा तो चार दिवसांनी. दिवसातून तीस वेळा तो शब्द घरात यायचा आणि कुणाला टोचायचा नाही.

चार महिन्यांपूर्वी सकाळी नवऱ्याच्या हातातून चहाचा कप सुटला. मान एका बाजूला वळली, दात खिळले, टाचा फरशीवर आपटायला लागल्या. दोन मिनिटांनी तो परक्या घरात जाग आल्यासारखा सगळ्यांकडे बघत राहिला.

"भोवळ आली," सासूबाई म्हणाल्या. "उष्णता झालीय."

त्या दिवसापासून तो शब्द घरातून गेला. कुणी ठरवलं नाही, पण शिंपीणबाई 'अंगाबरोबर' म्हणायला लागली, सासूबाई 'भोवळ' म्हणायच्या, आणि नवरा नुसतं 'ते'. दुसऱ्या वेळी ते न्हाणीघरात आलं. तिसऱ्या वेळी कापड बेतायच्या टेबलापाशी; तिने हाताला लागला तो गिऱ्हाइकाचा नवा कोट घडी करून त्याच्या डोक्याखाली सारला. कोटाला लाळ लागली. धुऊन, इस्त्री करून दिला तेव्हा गिऱ्हाईक म्हणालं, काय फिनिशिंग आहे!

डॉक्टरकडे जायचं तर कागद होतो. आणि कागदाला पाय असतात, तो डेपोत पोहोचतो. नवरा बस चालवायचा, चोवीस वर्षं. दुसरं काही त्याला येत नव्हतं. घरातला खिळासुद्धा तीच ठोकायची.

आज डेपोत ड्रायव्हरांची वर्षाची तपासणी होती.

"फक्त सही करायचीय तुला," बुटाची नाडी बांधता बांधता तो म्हणाला. "विचारतील ते तीन प्रश्न. नाही, नाही, नाही. संपलं."

"आणि गाडीत आलं तर ते?"

"गाडीत येत नाही. चालवताना माणूस जागा असतो."

"अहो, पण..."

"तीन वर्षं राहिलीत गं माझी. तीनच. मग घरीच बसायचंय, तुझी काजं करीन." तो हसला. नव्या शाळेतल्या पोरानं वर्गात शिरण्याआधी हसावं तसं होतं ते हसू.

सासूबाई दारापर्यंत आल्या. "जास्त बोलू नकोस तिथं," सुनेला म्हणाल्या. तिचा हात मात्र त्यांनी बराच वेळ सोडला नाही.

घरच्यांपैकी एकाने सही करायची, हा नियम दोन वर्षांपूर्वी निघाला होता. ड्रायव्हर खोटं बोलतो, पण त्याची बायको बोलत नाही, असा कोण्या साहेबाचा समज. साहेबाचं लग्न झालेलं नसावं.

तपासणीच्या खोलीत एक वजनकाटा, भिंतीवर लहान होत जाणाऱ्या अक्षरांचा तक्ता आणि टेबलामागे मान मोडून लिहिणारे डॉक्टर. नवऱ्याने सगळ्यात खालची ओळ न अडखळता वाचली. रक्तदाब बरा निघाला. डॉक्टरांनी फॉर्म तिच्याकडे वळवला.

"यांना दारूची सवय?"

"नाही."

"चक्कर?"

"नाही."

"कधी फिट?"

"नाही," ती म्हणाली. गिऱ्हाइकाला 'उद्या नक्की देते' सांगताना जो आवाज लागतो, तोच लागला. सराईत, गोड.

"इथे सही."

एका दमात सुई ओवणारा तिचा हात. आज पेन कागदाला टेकेना. बाहेर बाकावर रांगेतले ड्रायव्हर मोठ्याने हसत होते. कुणाच्या तरी सुटलेल्या पोटाची चेष्टा चालली होती. तिला घराचं भाडं आठवलं, सासूबाईंचा हात आठवला. मग बसच्या खिडक्यांना टेकलेली डुलक्या घेणारी डोकी आठवायला लागली, तेव्हा ती आणखी आठवायच्या आत तिने सही केली. तिरकी, पण केली.

डॉक्टरांनी शिक्का शाईत दाबला.

"थांबा साहेब," नवरा म्हणाला.

शिक्का वरच राहिला.

"आधी हिची सही खोडा. हिच्याकडून मी करवून घेतलीय." तो तिच्याकडे बघत नव्हता. तक्त्याकडे बघत होता. "मला फिट येते."

"अहो..."

"तीनदा घरी आली. त्या हिला माहीत आहेत." त्याने घसा साफ केला. "चौथी सोमवारी, गाडीत. सिग्नलला उभा होतो म्हणून. मागे एकतीस माणसं होती, साहेब. सिग्नल सुटला तेव्हा सगळे हॉर्न वाजवत होते म्हणे. मला एकसुद्धा ऐकू आला नाही."